रिझर्व्ह बँक पाहायला जाता येते का?

या वेळी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतून आलेले बरेच प्रश्न पैशाभोवती आणि मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेभोवती फिरणारे आहेत. म्हणून बाकीची पत्रे पुढच्या खेपेसाठी ठेवून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : नोकरीची सगळी वर्षे मी कर्जत–सीएसएमटी लोकलने ये-जा केली. फोर्टातून जाताना रिझर्व्ह बँकेची उंच इमारत रोज दिसायची, पण आत काय आहे ते कधी कळले नाही. लंडनला बँक ऑफ इंग्लंडमध्ये लोक सहलीला जातात असे वाचले. नातवाला घेऊन आपली रिझर्व्ह बँक पाहायला जाता येईल का? (एक निवृत्त वाचक, कर्जत)

उत्तर : उंच इमारतीत जाता येणार नाही. ते चालते कार्यालय आहे आणि तिथे पर्यटकांना प्रवेश नाही. पण तिथून चालत काही मिनिटांवर, सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या अमर बिल्डिंगमध्ये, रिझर्व्ह बँकेने स्वतः उभारलेले चलन संग्रहालय आहे. तिथे कुणालाही जाता येते. १८ नोव्हेंबर २००४ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मंगळवार ते रविवार ते उघडे असते, पावणेअकरा ते सव्वापाच. सोमवारी आणि बँकांच्या सुटीच्या दिवशी बंद. सणवार जवळ असेल तर निघण्यापूर्वी एकदा चौकशी करून घ्या. कर्जत ते सीएसएमटी हे अंतर १०० किलोमीटरचे. इतक्या लांबून जाऊन बंद दार पाहायला लागू नये.

आता तुम्ही लंडनचा दाखला दिला आहे त्याबद्दल. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ ची, आणि तिचे संग्रहालय बँकेच्या वास्तूतच आहे. तिथे काचेच्या पेटीत हात घालून सुमारे १३ किलो वजनाची सोन्याची खरी वीट उचलून पाहता येते. स्वीडनची रिक्सबँक तर १६६८ ची, जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक. त्यांच्या मानाने आपली रिझर्व्ह बँक तरुण. १९३४ च्या कायद्याने ती आकाराला आली आणि १ एप्रिल १९३५ रोजी तिचे काम सुरू झाले. सुरुवातीला मध्यवर्ती कार्यालय कोलकात्यात होते. १९३७ मध्ये ते कायमचे मुंबईला आले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याआधी ती भागधारकांची बँक होती, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

बँक तरुण असली, तरी तिच्या संग्रहालयातला पैसा अडीच हजार वर्षांचा आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास सुरू झालेल्या आहत नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंतची मांडणी तिथे आहे. चांदीचा वेडावाकडा तुकडा, त्यावर ठोकलेली सूर्य, चक्र, झाड अशी चिन्हे. राजाचे नाव नाही, अक्षर नाही. त्या नाण्यांसमोर जरा जास्त वेळ उभे राहा, कारण त्यांचा तुमच्या गावाशी संबंध आहे. कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याशी गेले की कोंडाणे लेणी लागतात. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदली गेली, ती सोपारा-कल्याणच्या बंदरांतून बोरघाटाने वर जाणाऱ्या व्यापारी वाटेच्या आधाराने. त्या वाटेवरचा व्यवहार कार्षापण नावाच्या चांदीच्या नाण्यांत होत असे. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या एका शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या देणगीचा हिशोब कोरलेला आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंचा वस्त्रांचा आणि किरकोळ गरजांचा खर्च चालायचा. ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, हा विनिमयाचा दरही तिथेच कोरला आहे. ठेव, व्याज, विनिमय दर, हे सगळे आपल्या सह्याद्रीच्या दगडावर बँक हा शब्द येण्याच्या किती आधी लिहिलेले होते, ते नातवाला आवर्जून सांगा.

प्रश्न : सरकार नोटा रद्द करते तसे पूर्वीचे राजे नाणी रद्द करायचे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, खोपोली)

उत्तर : करायचे, आणि त्याचा अस्सल पुरावा महाराष्ट्राच्या मातीतूनच निघाला आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी मुळात नहपानाची. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा ठोकलेला होता. नहपानाचा पराभव केल्यावर त्याने शत्रूची नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावर स्वतःची खूण उमटवली आणि तीच चलनात आणली. नाणे हातात घेतले की खालून नहपानाचा चेहरा डोकावतो आणि वरून सातवाहनांचे चिन्ह दिसते. धातू तोच, वजन तेच, फक्त हमी देणारा बदलला.

रिझर्व्ह बँकेच्या काळात मोठ्या नोटा तीनदा रद्द झाल्या. १९३८ मध्ये बँकेने पहिल्या नोटा काढल्या, त्यांत १०,००० रुपयांचीही नोट होती. जानेवारी १९४६ मध्ये १००० आणि १०,००० च्या नोटा बाद झाल्या. १९५४ मध्ये १०००, ५००० आणि १०,००० च्या नोटा आल्या आणि जानेवारी १९७८ मध्ये त्याही गेल्या. तिसरी वेळ ८ नोव्हेंबर २०१६ ची. ती तुम्हाला आठवतेच. २००० ची नोट मात्र रद्द झालेली नाही. १९ मे २०२३ रोजी ती चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले, पण तिची वैधता कायम ठेवली. या दोन गोष्टींत फरक आहे. घरात एखादी २००० ची नोट कपाटाच्या तळाशी सापडली तर घाबरून जाऊ नका. बँकांतली बदलण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्यानंतरची सोय रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ठेवण्यात आली. त्यांत मुंबईबरोबर बेलापूरही आहे, आणि खोपोलीकरांना ते जवळचे. टपालानेही नोट पाठवता येते.

प्रश्न : नोटेवर गव्हर्नर ‘वचन देतो’ असे लिहिलेले असते. शंभराची नोट घेऊन रिझर्व्ह बँकेत गेले तर ते काय देतील? तेवढ्या किमतीचे सोने? (एक दुकानदार, नेरळ)

उत्तर : शंभर रुपयेच देतील, दुसऱ्या नोटांत किंवा नाण्यांत. सोने मिळणार नाही. सोन्याशी बांधलेल्या नोटांचा काळ जगभर मागे पडला आहे. आज नोटेमागे उभा असतो तो कायदा आणि केंद्र सरकारची हमी. मात्र बँकेला हव्या तेवढ्या नोटा कोऱ्या कागदासारख्या छापता येतात असे नाही. जितक्या रकमेच्या नोटा बाहेर आहेत, तितक्या रकमेची मालमत्ता, म्हणजे सोने, परकीय रोखे, सरकारी रोखे, बँकेच्या निर्गम विभागाला आपल्याकडे दाखवावी लागते. त्यात किमान २०० कोटी रुपयांचे सोने आणि परकीय रोखे असलेच पाहिजेत, आणि त्या २०० कोटींत किमान ११५ कोटींचे सोने. १९५७ पासून कायद्यात हीच मर्यादा आहे. प्रत्यक्षात बँकेकडचा साठा त्याच्या कितीतरी पट आहे.

सोने मागे पडले तरी निरुपयोगी झालेले नाही, हे देशाने १९९१ मध्ये अनुभवले. परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. तेव्हा जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोने परदेशी पाठवले आणि ते तारण ठेवून कर्ज उभे केले. पुढे दिवस पालटले, आणि २००९ मध्ये त्याच बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने रोख मोजून विकत घेतले.

आता गल्ल्यातली एक नोट काढून समोर धरा. वचनाखाली सही कुणाची आहे ते पाहा. २०१८ च्या सुमाराच्या जांभळट शंभरीवर ऊर्जित पटेल यांची सही दिसेल, त्यानंतरच्या बहुतेक नोटांवर शक्तिकांत दास यांची, अगदी नव्यांवर संजय मल्होत्रा यांची. जवळच बँकेची गोल मुद्रा आहे, वाघ आणि ताडाचे झाड. ईस्ट इंडिया कंपनीच्या सोन्याच्या दुहेरी मोहरेवर सिंह आणि ताड होते. रिझर्व्ह बँकेने ती कल्पना घेतली आणि सिंहाच्या जागी वाघ आणला. नोट उलटी करा. डाव्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. वरून आठवी ओळ मराठीची, म्हणजे नेमकी मध्यावर. सात भाषा वर, सात खाली. इंग्रजी वर्णानुक्रमाने हा क्रम लागलेला आहे. वीसच्या नव्या नोटेच्या मागे वेरूळचे कैलास लेणे आहे. आणि शंभर, दोनशे, पाचशेच्या नोटांच्या दोन्ही कडांना बोट लावून पाहा. तिरप्या उंच रेषा हाताला लागतील. शंभरावर चार, दोनशेवर चार रेषा आणि दोन वर्तुळे, पाचशेवर पाच. दृष्टिहीन माणसाला नोट ओळखता यावी म्हणून त्या आहेत. दुकानदारांनी त्या जरूर लक्षात ठेवाव्यात, कारण गिऱ्हाईक बोटांनी नोट चाचपते ते संशयाने असेलच असे नाही.

आणखी एक. एक रुपयाची नोट मिळाली तर तिच्यावर वचन शोधू नका. ती भारत सरकारची आहे, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, आणि कायद्याच्या नजरेत तिचा दर्जा नाण्यासारखा आहे.

प्रश्न : नोटा आणि नाणी मुंबईतच तयार होतात का? (इयत्ता नववी, खालापूर)

उत्तर : नाणी होतात, नोटा होत नाहीत. नोटांच्या छपाईत महाराष्ट्राचा वाटा आहे तो नाशिकरोडचा. १९२८ मध्ये तिथे नोटांचा छापखाना सुरू झाला. त्याआधी भारताच्या नोटा बँक ऑफ इंग्लंड छापून पाठवत असे. आज नाशिकरोडखेरीज मध्य प्रदेशात देवास, कर्नाटकात म्हैसूर आणि पश्चिम बंगालमध्ये सालबनी इथे नोटा छापल्या जातात.

नाणी पाडायचे काम टाकसाळीचे, आणि ते भारत सरकारकडे आहे; रिझर्व्ह बँक ती लोकांपर्यंत पोहोचवते. मुंबईची टाकसाळ रिझर्व्ह बँकेच्या शेजारीच, शहीद भगतसिंग मार्गावर आहे. तिची भव्य खांबांची इमारत मेजर जॉन हॉकिन्स या लष्करी अभियंत्याने बांधली आणि १८२९ च्या सुमारास ती पूर्ण झाली. आत जाता येत नाही, पण फुटपाथवरून दर्शनी भाग नीट दिसतो. आता एक गंमत कर. घरातल्या सुट्ट्या पैशांची डबी रिकामी कर आणि प्रत्येक नाण्यावरच्या सालाखाली बारीक नजरेने पाहा. चौकटीसारखा छोटा हिरा दिसला तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. खालापुरात बसून चार शहरांच्या टाकसाळी ओळखता येतील.

प्रश्न : आमच्याजवळच उंबरखिंड आहे. शिवाजी महाराजांची नाणी तिथे पाहायला मिळतील का? त्या काळी चलनावर हुकूम कुणाचा चालायचा? (एक वाचक, खालापूर तालुका)

उत्तर : मराठेशाहीची नाणीही संग्रहालयाच्या मांडणीत आहेत. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज महाराजांनी कोंडीत पकडली, तेव्हा त्यांचे स्वतःचे नाणे चलनात नव्हते. स्वराज्यात मोगल, आदिलशाही, विजयनगरच्या परंपरेतली, पोर्तुगीज अशी अनेक नाणी फिरत होती. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याबरोबर महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, दोन्ही देवनागरीत. होन सुमारे पावणेतीन ग्रॅमचा, आज अतिशय दुर्मीळ. शिवराई मात्र पुढे दीडशे वर्षे या ना त्या रूपात पाडली जात राहिली, म्हणून ती आजही जुन्या घरांतून निघते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मोलाचा आहे. राज्याभिषेकासाठी मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर आला होता. तहाच्या कलमांत इंग्रजांची एक मागणी होती की, त्यांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. मुंबईत कंपनीने नुकतीच टाकसाळ सुरू केली होती आणि त्या नाण्याला बाजार हवा होता. ऑक्झिंडेनच्या नोंदींनुसार महाराजांचे उत्तर असे होते की, कोणतेही नाणे चालण्यास आपली मनाई नाही, पण ज्यात प्रजेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही आपण तिच्यावर करणार नाही. इंग्रजांचे नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या नाण्याइतके खरे असेल तर ते आपोआप चालेल. मध्यवर्ती बँक काय करते असे मला कुणी विचारले, तर मी हाच प्रसंग सांगतो. चलनाची किंमत हुकमाने ठरत नाही, विश्वासाने ठरते, आणि त्या व्यवहारात सामान्य माणूस बुडता कामा नये. रायगडावर ३५० वर्षांपूर्वी मांडलेले हे सूत्र आजच्या कुठल्याही गव्हर्नरने समोर ठेवावे असे आहे.

प्रश्न : माळावर नांगरताना जुनी नाणी सापडली तर रिझर्व्ह बँक ती विकत घेते का? मोबाईलवर तशा जाहिराती येतात. (एक शेतकरी वाचक, कशेळे परिसर)

उत्तर : घेत नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही आणि त्यासाठी कुणाला नेमलेलेही नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे दिला आहे. बँकेचे नाव सांगून कुणी आधी ‘नोंदणी फी’ किंवा ‘कर’ भरायला सांगत असेल तर ती फसवणूक समजा आणि पोलिसांना कळवा.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा कायदा वेगळा आहे, आणि तो जुना आहे, १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, किती, कुठे आणि कोणत्या दिवशी, हे लिहून द्यायचे. न कळवणे हा गुन्हा आहे. कळवणाऱ्याचा हक्क मात्र बुडत नाही. मूळ मालक कुणी पुढे आला नाही तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा ठरतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश इतकी रक्कम द्यावी लागते. म्हणून नाणी सापडली तर घासूनपुसून चकचकीत करू नका, सोनाराकडे नेऊन वितळवू नका, ज्या मडक्यात असतील ते मडकेही फेकू नका. तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयात कळवा. नाणे कुठे, कशात, कशाबरोबर सापडले, यावरूनच अभ्यासक इतिहास लावतात. जोगळटेंभीचा साठा एकत्र राहिला म्हणूनच नहपानाची गोष्ट आपल्याला वाचता आली.

प्रश्न : फाटक्या नोटा बदलायला रिझर्व्ह बँकेतच जावे लागते का? (एक गृहिणी, चौक)

उत्तर : त्यासाठी मुंबईची वाट धरू नका. मळक्या, दोन तुकडे झालेल्या किंवा भाग गेलेल्या नोटा कोणत्याही बँकेच्या शाखेत देता येतात, तिथे तुमचे खाते असो वा नसो. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा सलग तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात, नाहीतर काहीच नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटांना ८० टक्क्यांहून अधिक भाग शाबूत असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, आणि ४० टक्क्यांहून कमी असेल तर नकार. मुद्दाम फाडलेली किंवा खाडाखोड केलेली नोट चालत नाही. शाखेत कुणी ‘इथे होत नाही’ म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि तक्रार लेखी द्या.

प्रश्न : रिझर्व्ह बँकेच्या इतिहासात आपल्या रायगड जिल्ह्याचे कुणी आहे का? (एक शिक्षिका, कर्जत)

उत्तर : आहे, आणि थोडेथोडके नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर याच जिल्ह्याचे. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. देशमुखांचे घराणे तळ्याचे, आणि वडिलांची वकिली रोह्याला. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजमध्ये ते वनस्पतिशास्त्र शिकले, आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ, दुसरे सर जेम्स टेलर. टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख गव्हर्नर झाले. दुसरे महायुद्ध चालू होते, महागाई भडकली होती, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. पुढच्याच वर्षी, जुलै १९४४ मध्ये, ब्रेटन वुड्सच्या परिषदेला ते भारताच्या शिष्टमंडळात होते. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा पाया त्या परिषदेत घातला गेला. फाळणीनंतर दोन देशांच्या चलनाची आणि मालमत्तेची विभागणी, आणि १९४९ चे राष्ट्रीयीकरण, हे दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत पार पडले.

१९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून निवडून आले. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेतून स्टेट बँक झाली आणि १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा अर्थखाते त्यांच्याकडे होते. आणि मग मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय झाला. त्याच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्याची सही देशाच्या नोटांवर होती, त्याने आपल्या राज्याच्या राजधानीसाठी सत्तेवरची सही सोडली. कालिदासाच्या ‘मेघदूता’चे मराठी रूपांतर करणारे संस्कृत पंडितही तेच. वर्गात शिकवण्यासारखा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधायचा असेल तर लांब जायला नको.

प्रश्न : मग शाळेची सहल एका दिवसात बसेल का? (त्याच शिक्षिका)

उत्तर : आरामात बसेल. सकाळची कर्जत फास्ट पकडा. खोपोलीकडच्या मुलांनी शाखेच्या गाड्यांचे वेळापत्रक आधी पाहून निघावे, कारण त्या मोजक्या असतात. सीएसएमटीला उतरल्यावर शेजारीच १९१३ चे मुख्य टपाल कार्यालय आहे. विजापूरच्या गोल घुमटावरून त्याच्या घुमटाची कल्पना घेतली आहे. तिथून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेला चालत गेले की टाकसाळ आणि रिझर्व्ह बँकेच्या इमारती लागतात. त्या बाहेरूनच पाहायच्या, सुरक्षारक्षक सांगतील तिथे थांबायचे आणि फोटो विचारूनच काढायचे. मग फिरोजशहा मेहता रोडवरचे संग्रहालय. त्याला निवांत दीड तास द्या. मोठा गट असेल तर आधी कळवा आणि शिक्षकांनी ओळखपत्र जवळ ठेवा.

संग्रहालयातून निघून हॉर्निमन सर्कलच्या बागेत डबा खा. समोर १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. याच भागात झाडांखाली जमणाऱ्या दलालांतून पुढे १८७५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार उभा राहिला. शेवटी वीर नरिमन रोडने हुतात्मा चौकात या. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांच्या स्मारकापाशी चिंतामणरावांच्या राजीनाम्याची गोष्ट सांगा. मुलांना ती तिथे जशी कळेल तशी पुस्तकातून कळणार नाही. तिथून सीएसएमटी जवळच.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला घरून एक नोट आणि दोन-तीन नाणी पाहून यायला सांगा: सही कुणाची, मराठी ओळ कितवी, सालाखाली खूण कोणती. हा अभ्यास करून आलेली मुले संग्रहालयात प्रश्न विचारतात. न करता आलेली नुसती काचेसमोरून पुढे सरकतात.

कर्जत-खालापूरच्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. सहलीच्या यादीत वॉटर पार्क आणि किल्ल्यांच्या जोडीला यंदा चलन संग्रहालयाचेही नाव लिहा. मुले पैसा वापरायला लहानपणीच शिकतात. तो कुणाच्या विश्वासावर चालतो हे त्यांना दाखवणे आपले काम आहे. फक्त सहलीसाठी सोमवार ठरवू नका.